उंचीसाठी आणलेली सून

माझी उंची पाच फूट दहा इंच आहे. दहावीत होते तेव्हाच मला वडिलांच्या डोक्यावरून पलीकडचं दिसायचं. शाळेच्या फोटोत मला मागच्या रांगेत मुलांच्या बाजूला उभं करत. आई म्हणायची, "जरा वाकून चाल गं, लोकं बघत्यात." मग मी वाकून चालायला शिकले. पाठीला जो पोक आला, तो एम.एस्सी. झाले तरी गेला नाही.

आमचं गाव सांगोल्याजवळ. थोडी कोरडवाहू जमीन, डाळिंबाची लहानशी बाग आणि मेंढरं. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि सोलापुरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. दर जूनला नवा अर्ज आणि नवी मुलाखत. पुढच्या वर्षी आपण इथं असू की नाही, हे प्राचार्यांनाही सांगता यायचं नाही. राहायला मी मामांकडे होते. त्याच काळात माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं.

स्थळं यायची आणि मी पोह्यांचा ट्रे घेऊन दारातून आत आले की बोलणं थांबायचं. एका घरच्या काकांनी सरळ विचारलं, "फोटो कसा दिसंल जोडीचा?" एक मुलगा स्वतः पाच अकरा होता. त्याला नाजूक मुलगी हवी होती. मामींनी त्याच्या आईला पुन्हा फोन केला तेव्हा ती म्हणाली, "मुलगी चांगली आहे हो, पण बायको जरा बायकोसारखी दिसायला हवी." मामी हे मला सांगणार नव्हत्या. पण मी शेजारीच बसले होते आणि त्यांच्या फोनचा आवाज मोठा होता.

मग शुक्रवार पेठेतलं स्थळ आलं. शाळेच्या गणवेशांचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. मूळचे वळसंगचे. मुलगा पाच फूट चार इंच. त्याची आई माझ्या खांद्यालाही पोचणार नाही एवढी. मी ट्रे ठेवला तसं त्या बाई उठल्या आणि माझ्या भोवतीनं फिरल्या.

"चप्पल न घालता एवढी?"

"व्हय," मामी घाबरत म्हणाल्या.

बाईंनी माझ्या पाठीवर तळहात ठेवला. "ताठ हो बाई. नीट बघू दे मला."

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरं वाटलं. ताठ उभी राहा असं मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. मी ताठ उभी राहिले. बाई मान वर करून माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

मग त्या मामांकडे वळून म्हणाल्या, "आमच्या घराण्यात उंची न्हाय बघा. ह्यो पोलीस भरतीत उंचीनंच मागं राहिला. शिक्षान हाय, शरीर हाय, उंची तेवढी न्हाय. पुढची पिढी तरी उंच व्हायला पायजे की. म्हणून मी उंचच पोरगी बघाय लागलेय."

मुलगा फरशीकडे बघत होता. मामींनी सुटकेचा श्वास सोडला. पसंती तिथल्या तिथं झाली.

योगायोग असा की त्याच आठवड्यात मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला लैंगिक निवड शिकवत होते. मोराचा पिसारा पळायला अडचणीचा, तरी तो का टिकला? लांडोरीला तो आवडला म्हणून. ज्याचा पिसारा मोठा त्याची पिल्लं जास्त, आणि पिल्लांत पिसाराही उतरला, पिसाऱ्याची आवडही उतरली. इथवर वर्ग पेंगत असतो. माणसांवर आलो की जागा होतो. मी सांगितलं, काही शास्त्रज्ञांच्या मते नितळ कातडी, दाट केस, दोन्ही बाजूंनी सारखा चेहरा या गोष्टी निरोगीपणाच्या खुणा असाव्यात. ज्यांना त्या आवडल्या त्यांची मुलं जास्त जगली असतील, आणि आवडही मुलांपर्यंत आली असेल. उंच पुरुष बायकांना का आवडतात, याचंही असंच उत्तर देतात. हे सगळ्यांना मान्य नाही, असं मी दरवर्षी शेवटी जोडते. ते कुणी लिहून घेत नाही, कारण परीक्षेत येत नाही.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, मग ज्यांना कुणीच निवडत नाही त्यांचं काय होतं?"

"त्यांची जनुकं पुढच्या पिढीत जात नाहीत," मी म्हणाले.

वर्ग हसला. ती हसली नाही. तिनं मान खाली घालून ते वाक्य वहीत लिहिलं. मला ते खोडायला सांगायचं होतं, पण तास संपला.

पेठेतलं स्थळ माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मला निवडलं होतं आणि तरी आनंद होत नव्हता. पुस्तकात लांडोर स्वतः निवडते. पुस्तकात लांडोरीला सासू नसते.

रविवारी एस.टी.नं गावी गेले. नाही म्हणायचं, असं ठरवून गेले होते. वडील मेंढरांच्या वाड्यात होते. त्यांनी चुलत्याच्या भागीत नवा एडका आणला होता, माडग्याळी जातीचा मेंढा. त्या मेंढरांचं नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार असतं, आणि ह्याचं तर इतकं वाकलेलं होतं की तोंड खाली दडल्यासारखं दिसत होतं. वडील त्याच्याकडे कौतुकानं बघत होते.

"आबा, ह्या नाकाचा उपयोग काय?" मी विचारलं.

"उपेग कशाचा? लोकान्ला आवडतंय."

"म्हणजे वजन जास्त भरतं का, का दूध जास्त?"

"वजन जातीला असतंय. नाकाचं काय न्हाय." त्यांनी एडक्याच्या कपाळावरून हात फिरवला. "पयल्यांदा कुनाला तरी आवडलं आसंल. मग समदी तेच बघाय लागली. आता नाक न्हाय तर गिऱ्हाईक ढुंकून बघत न्हाय. आमालाबी आता तेच देखणं वाटतंय."

हेच मी वर्गात फळ्यावर आलेख काढून अर्धा तास समजावत होते. वडिलांची शाळा चौथीत सुटली.

"आणि घेताना काय बघता?"

"दात बघायचं, पाय बघायचं. आणि त्येची आई बघायची. आई कशी हाय ते बघितल्याबिगर घ्यायचा न्हाय."

मी वाड्याच्या काट्याकुपाट्याच्या कुंपणाशी उभी होते. म्हणाले, "आबा, मलाबी त्यांनी असंच घेतलंय. उंचीसाठी."

वडिलांचा हात एडक्याच्या पाठीवर थांबला. "ठावं हाय मला. मामानं फोनवर सांगितलं समदं."

मग ते म्हणाले, "तुला नको आसंल तर तसं सांग. मी आत्ता फोन लावतो." आणि खिशातून फोन काढून हातात धरून उभे राहिले.

त्यांनी मला खरोखर विचारलं होतं. आमच्या भागात किती मुलींना असं विचारतात, मला माहीत नाही. पलीकडे धाकटी बहीण दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिचं जमल्यात जमा होतं, पण मोठीचं झाल्याशिवाय नाही, आणि मुलाकडचे दिवाळीपर्यंतच थांबणार होते. आई चुलीपुढून आमच्याकडे बघत होती. दोन-तीन महिन्यांत जून येणार होता आणि कॉलेजचा अर्ज पुन्हा भरायचा होता. पुढचं स्थळ येईल तेव्हा मी पुन्हा ट्रे घेऊन दारातून आत जाईन आणि पुन्हा बोलणं थांबेल, ते मला दिसत होतं.

"राहू द्या आबा," मी म्हणाले.

त्यांनी फोन खिशात ठेवला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली, असं मला म्हणता येत नाही. तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढं कितीदा तरी वाटलं.

लग्न सोलापुरातल्या एका कार्यालयात झालं. फोटोग्राफरनं नवरदेवासाठी एक लाकडी फळी आणली होती, ती गालिच्याखाली झाकली. तरी पुरेना. मग तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, गुडघ्यात थोडं वाका. साडीत दिसत नाही." पाहुण्यांची रांग संपेपर्यंत मी गुडघ्यात वाकून उभी होते. मांड्या थरथरत होत्या आणि मी हसत होते. नवऱ्याच्या ते ध्यानात आलं.

"सरळ उभी रहा की," तो समोर बघतच म्हणाला. "गुडघे दुखतील."

"फोटो?"

"येऊ दे कसा यायचाय तसा."

मी सरळ झाले. लगेच सासूबाईंनी खालून फोटोग्राफरला खूण केली आणि फोटोग्राफरनं मला. मी पुन्हा वाकले.

नवरा वाईट माणूस नाही, हे मला पहिल्या महिन्याभरात कळलं. दुकानात मूल आलं की तो टेप न लावता नुसतं बघून शर्टाचा नंबर सांगायचा आणि तो बरोबर निघायचा. कुठलंही मूल त्याच्या वर्गात लहान असलं तर तो आईबापांना म्हणायचा, "वाढतंय की, दोन बोटं जास्तीची दुमड घालून देतो." एकदा जेवताना त्यानं मला भरतीची गोष्ट सांगितली. लहानपणी आई त्याला दाराच्या चौकटीला बसवलेल्या लोखंडी दांडीला लटकायला लावायची, सकाळी आणि शाळेतून आल्यावर. भरतीच्या दिवशी कुणीतरी सांगितलं की झोपून उठल्यावर माणूस थोडा उंच भरतो. म्हणून आईनं त्याला उभंच राहू दिलं नाही. मित्राच्या टेम्पोत गादी टाकून तो मैदानापर्यंत झोपून गेला. उतरला आणि थेट मापाच्या पट्टीखाली उभा राहिला. दीड सेंटिमीटर कमी भरला.

"मोजणारा हवालदार चांगला होता," तो म्हणाला. "दोनदा मोजलं त्यानं."

त्या दिवशी मला वाटलं, आम्हा दोघांना एकाच पट्टीनं मोजलंय, फक्त दोन टोकांनी. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही.

मुलगी झाली. सासूबाईंनी नातच झाली म्हणून तोंड वाकडं केलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांनी पेढे वाटले. "पोरगी तर पोरगी, पर आईवर जाऊ दे," म्हणत होत्या. मुलगी आईवर गेली नाही. हसणं माझं, बाकी सगळं त्यांच्याकडचं. बालवाडीत प्रार्थनेच्या रांगेत ती सगळ्यांत पुढं होती. पहिलीतही पुढंच.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सासूबाई तिला स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभी करायच्या, डोक्यावर वही आडवी धरायच्या आणि पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहायच्या. जुन्या लोखंडी दांडीला नवा रंग लागला. दुधात घालायची पावडर आली. मी त्यांना समजावून सांगितलं. उंची एका जनुकावर ठरत नसते, शेकडो जनुकांचा त्यात हात असतो, शिवाय खाणंपिणं, आजारपण. आईकडून काय येईल आणि बापाकडून काय, हे कुणाच्या हातात नसतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग तुला कशाला आणलं आमी?" त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. भांडल्या असत्या तर मलाही भांडता आलं असतं.

आणि मी तरी काय केलं? मुलगी दांडीला लटकायची तेव्हा मी खालून तिचे पाय धरायचे आणि म्हणायचे, "अजून दहा मोज." कॉलेजातून येताना पावडरचा डबा मीच आणायचे. रात्री पाय दुखतात असं ती म्हणाली की तेल चोळताना माझ्याच मनात यायचं, वाढत असेल.

ती सात वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मनगटाचा एक्स-रे काढला, रक्त तपासलं, तक्ता काढून दाखवला. "ही तुमच्या घरच्या मापानं नीट वाढतेय," ते म्हणाले. "काही करायची गरज नाही. हिला खेळू द्या." घरी येताना मला हलकं वाटत होतं. सासूबाईंनी मात्र नात्यातल्या एका बाईकडून दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता मिळवला. तिथं उंचीची इंजेक्शनं देतात. तिथल्या डॉक्टरनं फोनवर सांगितलं, "देऊन बघू." रोज एक, कित्येक वर्षं. सासूबाईंनी सोमवारची वेळ घेऊन टाकली.

रविवारी दुपारी मी खाली दुकानात गेले. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस, पण जेवणाच्या वेळेला गिऱ्हाईक नव्हतं. नवरा कापडाचे तागे रचत होता.

"उद्या मी तिला नेणार नाही," मी म्हणाले.

"आई ऐकणार नाही."

"तुम्ही काय म्हणता ते सांगा."

तो ताग्याचं टोक सारखं करत राहिला. "मी काय म्हणू? तिचं मन मोडतं. माझ्यासाठी तिनं लई केलंय."

"रोज टोचायचं हो. आजारी नसलेल्या पोरीला."

तो पुढचा तागा उचलायला वळला. मी वर आले. मला वाटलं, संपलं. उद्या सकाळी मुलीला तयार करायला मलाच सांगतील आणि मी करीन. इतकी वर्षं मी कशाला नाही म्हटलं होतं?

तासाभरानं तो वर आला. सासूबाई पंख्याखाली बसल्या होत्या. तो त्यांच्यापुढं जमिनीवर बसला.

"आई, उद्याचं राहू दे."

"का?"

"मला लटकवलंस तेवढं पुरे. तिला नको."

सासूबाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. "मी तुला त्रास दिला व्हय?" त्या म्हणाल्या. "लोकं हसू नयेत म्हणून केलं की रे मी."

"लोकं हसलीच की."

एवढंच तो बोलला. सासूबाई उठल्या, पिशवी भरली आणि संध्याकाळच्या बसनं वळसंगला बहिणीकडे गेल्या. त्याला स्टँडपर्यंत सोडायलाही येऊ दिलं नाही.

त्या दीड महिना आल्या नाहीत. त्या दिवसांत घर मोकळं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. नवरा जेवताना गप्प असायचा आणि रोज फोन करायचा, तिकडून मावशीच बोलायची. मुलगी विचारायची, "मी बुटकी आहे म्हणून आजी गेली का?" मी नाही म्हणायचे. तिला ते पटत नव्हतं, हे मला कळत होतं.

परत आल्या तेव्हा आणलेली ज्वारी त्यांनी माझ्यापुढं ओतली आणि आम्ही दोघी निवडायला बसलो. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "मला बघाय आल्ते तवा माज्या सासऱ्यानं इचारलं, पोरगी उभी हाय का बसलीया? समदी हसली. माजा बापबी हसला. त्येला हसावंच लागलं की."

"मग?"

"मग काय? झालं की लगीन." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "ह्याच्या टायमाला तोच आवाज कानात हुता. हिच्या टायमालाबी तोच."

मला त्यांचा हात धरावासा वाटला. मी धरला नाही. आमच्यात तशी सवय नाही. मी ज्वारी निवडत राहिले. एवढी वर्षं मी त्यांच्याबद्दल जो हिशोब मनात मांडला होता, तो मला पुसता आला नाही, आणि तसाच ठेवताही आला नाही.

इंजेक्शनाचा विषय पुन्हा निघाला नाही. दांडी नवऱ्यानं काढून माळ्यावर टाकली. मी त्याच कॉलेजात आहे, अजून तासिका तत्त्वावर, आणि दर जूनला अर्ज भरते.

पुढच्या महिन्याची पहिली तारीख आली. मला वाटलं, आता हेही बंद पडेल. पण मुलगी आपणहून चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि आजीची वाट बघू लागली. सासूबाई आल्या, तिच्याकडे बघितलं, आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"तू लिव. माज्या डोळ्याला दिसंना आता."

नको म्हणायला माझ्याकडे काय नव्हतं? सगळं होतं. एम.एस्सी. होती, डॉक्टरांचा तक्ता होता. मुलगी श्वास रोखून, हनुवटी वर करून उभी होती. मी वही तिच्या डोक्यावर ठेवली, रेघ मारली, मागच्या रेघेपासून मोजलं. अर्धा सेंटिमीटर वाढली होती. मला आनंद झाला, आणि तो लपवावा एवढंही मला सुचलं नाही.

खालून, दुकानातून, नवऱ्यानं हाक मारली, "किती झाली?"